दोनच झटके

मी छातीत बसवायचं यंत्र बोलतोय. काडेपेटीहून जरासा मोठा, कातडीखाली राहणारा. हृदय ठोके सोडून नुसतं थरथरायला लागलं की विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणायचं, एवढ्यासाठीच मला घडवलं.

बेळगावच्या एका दवाखान्यात मला आण्णाप्पांच्या डाव्या खांद्याखाली बसवलं. आण्णाप्पा वडगावचे, घरच्या यंत्रमागावर साड्या विणणारे. मागासमोरच एकदा कोसळले होते.

बसवल्यावर माझी चाचणी व्हायची होती. हृदय मुद्दाम थरथरवायचं आणि मी ते थांबवतो का, ते बघायचं. धोका थोडा आहे, पण आहे, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. आण्णाप्पांच्या बायकोनं, नागुबाईंनी, चाचणी टाळता येईल का म्हणून विचारलं. आण्णाप्पाच म्हणाले, "करा बाई. ऐन वेळंला ह्ये चाललं न्हाय तर काय उपेग?"

त्यांना गुंगी दिली. हृदय थरथरलं. मी झटका दिला, थांबेना. जोर वाढवून दुसरा दिला, तेव्हा ठोका लागला. पण तोवर रक्तदाब पार खाली गेला होता. छाती दाबली, औषधं चढवली. आण्णाप्पा वाचले, पण हृदयात होती तेवढीही ताकद उरली नाही. डॉक्टरीणबाईंनी नागुबाईंना समोर बसवून हे सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नागुबाई एवढंच म्हणाल्या, "मी लई जोर धरून नको म्हनायला पायजे हुतं."

घरी माग लेकीनं, प्रियदर्शनीनं, हाती घेतला. आण्णाप्पा उशांना टेकून बसायचे, चार पावलांत धाप लागायची. मागाच्या आवाजावरून त्यांना कळायचं. "धागा तुटलाय गं, बघ," म्हणायचे. उठता यायचं नाही.

चार महिन्यांनी एका दुपारी ते गेले. मी सज्ज होतो, पण हृदय थरथरलंच नाही. मंद मंद होत थांबलं. ताल सांभाळणं मला येतं, ताकद देणं येत नाही. आयुष्यात मी दोनच झटके दिले, दोन्ही चाचणीत.

आगीत माझा स्फोट होतो, म्हणून अग्नी देण्याआधी मला काढावं लागतं. नागुबाईंनी मला तळहातावर घेतलं आणि विचारलं, "लई दुखलं का रं त्यास्नी?"

आता मी दवाखान्याच्या कपाटात एका पिशवीत पडून आहे. नागुबाई, झटक्यांच्या वेळी ते गुंगीत होते, त्यांना काही कळलं नाही. आणि त्या दुपारी तुम्ही पाय चेपत होता ना, तेव्हा त्यांचा ठोका निवांत झाला होता. हे फक्त मला माहीत होतं.