बाराव्या रोज्याचं ‘हो’

इमारतीत तिला सगळे ‘लॅबवाली’ म्हणत. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती आणि दशांशचिन्हापुढचा आकडासुद्धा वाऱ्यावर सोडत नसे. म्हणून रमजानचं वेळापत्रक दरवर्षी तीच करायची. पहाटेची सहरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, कधी संपते, संध्याकाळी मगरीब होऊन रोजा कधी सुटतो, सगळं मिनिटासकट. मशिदीच्या तक्त्यात सावधगिरीची तीन मिनिटं जास्तीची धरलेली असत. तिने ती काढून टाकली होती. “सूर्य मावळला म्हणजे मावळला. वर ताटकळायचं कशाला?”

तळमजल्यावरचे शिंपीकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “लॅबवालीने आमची तीन मिनिटं सोडवून आणली बघा!”

एरवी ती प्रयोगशाळेतल्या बिनखिडकीच्या खोलीत रोजा सोडायची. बाराव्या रोज्याला मात्र लवकर घरी आली आणि सासूबाईंसोबत पश्चिमेच्या खिडकीशी बसली. कागदावरची वेळ झाली. दोघींनी दुआ पुटपुटून खजूर तोंडात टाकला. तिने पाण्यासाठी मान वर केली, तर समोरच्या गोदामाच्या छपरावर सूर्याची नखाएवढी कड अजून लाल होती.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. “मावळला ना गं?” त्यांनी विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

खजूर तोंडात तसाच राहिला. गिळवेना, थुंकवेना.

मगरीबची नमाज तीनच रकातींची, म्हणजे तीनच आवर्तनांची, पण तिची मोजणी चुकली. शेवटचा सलाम फिरवून नमाज संपवली आणि ती थेट फ्रिजवरच्या कागदापाशी गेली. चूक लगेच सापडली. चांद एक दिवस उशिरा दिसला, तेव्हा तिने तयार तक्त्यातल्या तारखा एकेक दिवसाने पुढे केल्या होत्या. वेळांचा रकाना तसाच राहिला, आणि प्रत्येक तारखेपुढे आदल्या दिवशीची वेळ आली. दिवस मोठा होत चालला होता. म्हणजे बारा दिवस अख्खी इमारत पहाटे मिनिटभर उशिरापर्यंत खात होती आणि संध्याकाळी मिनिटभर आधी रोजा सोडत होती. ती तीन मिनिटं असती तर सगळं निभावून गेलं असतं.

गुपचूप नवा कागद लावला तर कुणाला कळणारही नव्हतं. हा विचार आपल्याला सुचावा, याने तिचे कान तापले.

“अम्मी,” ती सासूबाईंच्या पुढ्यात बसली आणि तक्त्यातली चूक सांगून टाकली. “बाराच्या बारा पुन्हा धरावे लागतील. सगळ्यांना.”

सासूबाईंचा तसबीहच्या मण्यांवरचा हात थांबला. “धरू. आकडा चुकतो माणसाचा.” मग त्या म्हणाल्या, “पण मी विचारलं, तेव्हा तुला सूर्य दिसत होता?”

“दिसत होता.”

“मला दिसत नाही म्हणून तर तुला विचारते ना मी.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं तोंड खिडकीकडे वळवलं.

ती जिना उतरली. शिंपीकाकांचं दार उघडंच होतं. चौकटीवर तिच्याच अक्षरातला कागद चिकटवलेला.

“या या, लॅबवाली! आज काय, आणखी एखादं मिनिट आणलंत की काय?”

तिने कागद काढायला हात वर केला, मग खाली घेतला. आधी सांगणं भाग होतं.

“काका,” ती म्हणाली, “बसा जरा.”