म्युच्युअल बदली

लोणावळ्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो. 'म्युच्युअल' या शब्दावरून जितकी पोरं मी झोडपली, तितकी दुसऱ्या कुठल्या शब्दावरून नसतील. कार्टी 'आमचा म्युच्युअल मित्र' असं बेधडक लिहितात. शब्द मुळात लॅटिनमधला, अदलाबदल आणि उसनवारीच्या कुळातला. मी तुला द्यावं आणि तू मला द्यावंस, तेव्हा तो म्युच्युअल. दोघांच्या ओळखीचा तिसरा माणूस नुसता सामाईक, भाऊबंदांच्या विहिरीसारखा. खुद्द साहेब लोक तीनेकशे वर्षं हीच चूक करत आले आहेत, पण साहेबानं शेण खाल्लं म्हणून आपण खायचं कारण नाही.

आमच्या परड्याला लागून रेल्वेची चाळ आहे. तिथं हौशीराम पाइंटमन बायकोबरोबर राही. स्टेशनात रुळांचे सांधे बदलायचं त्याचं काम. छत्तीस सालच्या मार्गशीर्षात एका सकाळी तो आला नि म्हणाला, "मास्तर, म्युच्युअलचा अर्ज लिवायचा हाय."

दोन स्टेशनांवरच्या दोघांनी राजीखुशीनं जागा बदलायची, याला रेल्वेत म्युच्युअल म्हणतात. मनमाडचा एक पाइंटमन कर्जतकडचा होता, त्याला इकडं यायचं होतं. मी खूश झालो. शब्द बरोबर वापरणारा एक तरी भेटला.

"पण मुलूख सोडून मनमाडला कशाला?" मी विचारलं.

"मुक्तीला घिऊन लांब जायचंय. आबांच्या हाताबाहेर."

मग त्यानं सगळं सांगितलं. तो टाकवे बुद्रुकचा, बायको मुक्ता परंदवडीची. लग्न साट्यालोट्याचं. एकाच मांडवात मुक्ता त्याला दिली आणि त्याची बहीण सरू मुक्ताच्या भावाला, सोपानला. इकडं यांचं गूळपीठ जमलं. तिकडं सरूला मूल होईना, म्हणून सोपाननं तिला घालवून दिली. आता रीत अशी, की त्यांनी आमची धाडली, तर आपण त्यांची धाडायची. हौशीरामचे वडील महिपतीआबा संक्रांत झाली की मुक्ताला पोचवायला येणार होते.

अर्ज मी झकास लिहिला. दोघांचे अंगठे उठले आणि संक्रांतीच्या तोंडावर हुकूमही आला. हौशीराम आम्हाला गूळ वाटून गेला. त्याच दुपारी मुक्ता माझ्या ओसरीवर येऊन बसली.

"मास्तर, तुमी ह्यांना सांगा. मी न्हाई जायची मनमाडला."

"का गं?"

"मी सुखात ऱ्हायले तर दादाला भ्याव कुनाचं? मी माहेरी जाऊन बसले, म्हंजी आई त्याला घास गिळू द्यायची न्हाई. वन्संना न्यावंच लागंल."

"आणि तुझं काय?"

"वन्सं नांदाया गेल्या की मीबी मागारी येतेच की. साटंलोटं हाय."

मला तिचं म्हणणं पटलं. जी रीत बायकांना घालवते, तिनं त्यांना परतही आणायला हवं. हौशीराम खूप भांडला, पण ती बधली नाही. सणानंतर आबा आले. भला माणूस, आवाज चढवला नाही. सुनेचं गाठोडं त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि तिला परंदवडीला पोचवून आले. हौशीरामनं रजा टाकून मनमाडला जाणं लांबवलं.

मुक्ताच्या आईनं खरंच लेकाचं जिणं हराम केलं. सोपाननं यावर तोड काढली. पवनेकडची एक पोरगी करून आणली आणि टाकव्याला निरोप धाडला, "तुमची तुमच्याकडं, आमची आमच्याकडं. फिटंफाट."

दोन्ही गावच्या जाणत्यांनी माना डोलावल्या. दोन पोरी उजवल्या होत्या, दोन्ही परत आल्या, तक्रारीला जागाच उरली नाही. मला अजून त्या जाणत्यांची चीड येते. मुक्ता भावाच्या नव्या बायकोचं दळण दळू लागली.

हौशीराम परंदवडीला गेला, त्याला अंगणातूनच परत लावलं. बापाकडं गेला, तर आबा म्हणाले, "सरूच्या डोळ्यांदेखत तू बायको नांदवनार? तिनं कुनाकडं बघायचं?"

शेवटी तो पुन्हा माझ्याकडं आला. बदली रद्द करा, निदान इथून परंदवडी जवळ आहे. मी अर्ज केला. हापिसानं कळवलं, मोडायचं तरी दोघांची संमती हवी. तोवर मनमाडचा माणूस बायको, पोरं, शेळी घेऊन चाळीच्या अंगणात येऊन बसला होता. तिकडची जागा तो सोडून आला होता. त्याची बायको दाराशी हसून उभी राहिली, आणि हौशीरामनं निमूट किल्ली दिली.

मी त्याला गाडीवर बसवायला गेलो. वाटेत मी सोपानला, आबांना, रेल्वेला, सगळ्यांना शिव्या घातल्या. फलाटावर त्यानं वळकटी टेकवली.

"त्या मनमाडच्या मानसाला मी आधीच पुसलं हुतं, मास्तर," तो म्हणाला. "तितल्या खोलीत चुलीपाशी उजेड येतो का म्हून. व्हय म्हनला. मुक्तीला अंधारात भाकरी थापाया आवडत न्हाई."