मधल्या आवारातून वाकून जावं

म्बाह वोंग्सोंनी मुलीकडे न जाण्याची काढलेली कारणं मी चार वर्षं मोजत आले आहे. पहिल्या वर्षी गुडघा. दुसऱ्या वर्षी कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिसऱ्या वर्षी पुन्हा गुडघा, पण दुसरा. चौथ्या वर्षी त्यांनी ठेवणीतलं कारण काढलं. "मी गेलो, तर कोण कुठं निजलंय ते लोकांना सांगायचं कुणी? तुम्ही, बू लास्त्री? तुम्हाला तुमचा चष्मा सापडत नाही."

चष्म्याचं खरं होतं, आणि बाकीचंही. जावा बेटावरच्या आमच्या करांगवुनी गावाच्या टेकडीवर सहा हजार चारशे अठरा कबरी आहेत. निम्म्यांवरची नावं शेवाळानं खाल्ली आहेत, आणि एकतीस वर्षं तिथल्या किल्ल्या सांभाळणाऱ्या या आजोबांच्या डोक्याबाहेर त्यांची यादी कुठंच नव्हती. रमजानच्या आधीच्या महिन्यात न्याद्रानचा रविवार येतो. त्या दिवशी शहरांतून गाड्या भरून लेकरंबाळं येतात, आपापल्या कबरी झाडतात, फुलं वाहतात, एकत्र जेवतात. पण त्याआधी म्बाहपुढं रांग लावून विचारतात, "आमचे आजोबा कुठं?"

मुलगी सुमिनी समुद्रापलीकडं लाम्पुंगला. तिची पोर सहा वर्षांची झाली तरी तिनं आजोबांना फोनच्या काचेतच पाहिलेलं. यंदा सुमिनीनं न विचारता तिकीटच पाठवून दिलं: न्याद्रानचाच दिवस, दुपारी एकची बस. म्बाहनी तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि अट घातली. "यादी यंत्रात चालू झालेली या डोळ्यांनी दिसली, तर बसतो बसमध्ये. नाही दिसली, तर तिकीट माघारी."

यंत्र म्हणजे तालुक्याच्या कचेरीतून निकालात निघालेला एक संगणक, आणि ते चालवणारे म्हणजे ग्यार्तो. शाळेत संगणक शिकवतात म्हणून सगळे त्यांना पाक गुरू म्हणतात. म्हाताऱ्याला म्बाह, पुरुषाला पाक, बाईला बू, ही आमच्याकडची मानाची हाक. सात महिने म्बाह सांगत होते, मी लिहीत होते आणि पाक गुरू टाइप करत होते. नोंदी ठेवण्यासाठी डेटाबेस हवा, तर तो त्या म्हाताऱ्या संगणकावर तयार मिळेना. नव्या मापाचे कपडे जुन्या अंगाला बसत नाहीत. मग पाक गुरूंनी नुसतं कापड आणलं, म्हणजे त्या प्रोग्रॅमचा मूळ कोड. तो इथंच बसून बेतला, शिवला, घातला. आठवडाभर सगळं छान चाललं, कारण ते पाक गुरूंच्या स्वतःच्या खात्यात चाललं होतं.

अडचण रविवारी सकाळी आली. पाक गुरूंना न्याद्रानला सासऱ्यांच्या कबरीवर जायचं होतं, म्हणजे टेबलावर मी बसणार. पण स्वतःच्या खात्याचा पासवर्ड मला द्यायला ते तयार नव्हते. त्यांच्या घरफोल्डरमध्ये, म्हणजे खात्याच्या मुख्य फोल्डरमध्ये, शाळेच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका होत्या, आणि माझी नात त्यांच्याच वर्गात आहे. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही दिला नसता.

म्हणून त्यांनी कबरींच्या यादीसाठी नवं खातं उघडलं, त्याला प्रेमानं 'वोंग्सो' असं नाव दिलं, आणि यादीच्या फोल्डरची मालकी त्या नावावर करून टाकली. मग डेटाबेस वोंग्सोच्या नावानं चालू करायला गेले. संगणक म्हणाला, परवानगी नाही.

साडेसात वाजले होते. टेबल मांडवाखाली, शेजारी तांदळाच्या पिठाच्या गोड आपेमचं ताट, आणि खुर्चीत नवी टोपी घालून म्बाह स्वतः. पायाशी प्रवासाची पिशवी होती. पण ती रिकामी असल्यासारखी बसली होती, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

"झालं का, पाक गुरू?"

"झालंच, म्बाह."

आमच्याकडं 'नाही' हा शब्द वडीलधाऱ्यांसमोर काढत नाहीत. त्यामुळं 'झालंच' किती वेळा येतं त्यावरून काम किती अडलंय ते समजायचं. त्या सकाळी मी वहीच्या कडेला खुणा करत होते. आठपर्यंत चार झाल्या.

पाक गुरूंनी यादीचं फोल्डर सगळ्यांसाठी सताड उघडं केलं. तरी तेच उत्तर. मी मागून पाहिलं तर ते पडद्यावर तीन साते लिहीत होते.

"हे सात कसले?" मी विचारलं. गणित शिकवण्यात माझी छत्तीस वर्षं गेली. आकडा दिसला की त्याचं घराणं विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

"बू, बघायला मिळालं की चार गुण. बदलायला मिळालं की दोन. आणि आत पाऊल टाकायला मिळालं की एक. सगळे मिळून सात. पहिला सात मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या जगाचा."

"म्हणजे सगळ्यांना पैकीच्या पैकी? असे गुण मी जन्मात वाटले नाहीत."

तेवढ्यात टेकडीच्या समितीचे अध्यक्ष पाक कार्मिन आले. कर्णा लावला नसेल तेव्हाही ते कर्णा लावल्यासारखेच बोलतात. "काय अडलंय? परवानगी? अहो, आज न्याद्रान! आज कुणाला अडवायचं नसतं! सगळं उघडा, वरपासून खालपर्यंत!"

पाक गुरूंचा चेहरा मी पाहिला. हे करू नये हे त्यांना ठाऊक होतं. पण अध्यक्षांना, तेही पाहुण्यांदेखत, 'असं नसतं' म्हणायचं कसं? "होय, पाक," म्हणाले, आणि घरफोल्डरपासून आतल्या शेवटच्या कागदापर्यंत सगळ्यांवर तीन साते मारून मोकळे झाले. अख्ख्या जावामध्ये ही चूक फक्त सभ्य माणूसच करू शकतो, आणि आमच्याकडं सभ्य माणसांना तोटा नाही.

डेटाबेसनं या वेळी वेगळंच सांगितलं. यादीचं फोल्डर ही माझी खोली, ती फार उघडी आहे, कुणीही आत येऊ शकतं, अशा खोलीत मी चालू होणार नाही.

म्बाह मान डोलावत म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. मीपण नसतो झोपलो."

"तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात, म्बाह?" मी विचारलं.

"मी आपला बसलोय," म्हणाले, आणि तिसरा आपेम उचलला.

प्रश्नपत्रिका बारा मिनिटं जगाला उघड्या होत्या. मी बघितल्या नाहीत. हे इथं लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. पाक गुरूंना मात्र त्या आठवल्या तेव्हा घाम फुटला. त्यांनी घाईनं सगळं पुन्हा बंद केलं: यादीची खोली फक्त वोंग्सोला, घरफोल्डर फक्त स्वतःला. मालकाला सात, बाकी दोघांना शून्य, दोन्हीकडं. वोंग्सोच्या नावानं चालू केलं.

परवानगी नाही.

'झालंच'च्या खुणा अकरा झाल्या. साडेदहा वाजले. सुमिनीचा फोन आला, म्बाहनी तो माझ्याकडं दिला. "निघालेत का हो, बू? पोरीनं सकाळपासून अंघोळ करून फ्रॉक घातलाय. उद्या पोचतील म्हटलं तरी ऐकत नाही."

"निघतीलच," मी म्हणाले, आणि मनातल्या मनात स्वतःच्या नावापुढंही एक खूण केली.

पाक गुरू पडद्याकडं बघत पुटपुटत होते, "मालकी त्याची, परवानगी त्याला, खोलीही नीट बंद. मग अडवतंय कोण?"

इतक्यात टेकडीवरून तांगेरांग शहराचं एक कुटुंब उतरत आलं. आठजणं, फुलांच्या टोपल्या तशाच भरलेल्या. पुढची बाई घामाघूम. "म्बाह, आम्हाला वरच्या आवारात जायचंय. वरच्या दाराची किल्ली अध्यक्षांनी आमच्या हातात दिलीय, ही बघा. पण मधलं आवारच बंद! किल्ली हातात ठेवून काय करू, वरच्या दारापर्यंत पोचूच शकत नाही!"

आमच्या टेकडीला तीन आवारं आहेत. खालचं सगळ्यांचं. वरचं गाव वसवणाऱ्या घराण्यांचं. मधल्या आवारात जुन्या गावप्रमुखांच्या कबरी. तिथून जायला सगळ्यांना मुभा आहे, पण थांबायचं नाही, इकडंतिकडं बघायचं नाही. पाठ वाकवून, उजवा हात पुढं करून, निघून जायचं. म्बाह रोज पहाटेच मधलं दार उघडतात, न्याद्रानला तर हमखास. एकतीस वर्षांत ते विसरलेले नाहीत.

"अरे देवा, विसरलो," म्बाह म्हणाले, आणि कंबरेची किल्ली चाचपत बसले. उठले नाहीत.

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी आपेमकडं पाहिलं. मी ते 'विसरले' याच सदरात मांडलं. काही गोष्टी दुसऱ्या सदरात मांडल्या तर माणसाला आयुष्यभर लागतात.

आणि पाक गुरूंनी कपाळावर हात मारला, तो आवाज मांडवभर ऐकू आला.

"यादीची खोली माझ्या घराच्या आत आहे! किल्ली वोंग्सोला दिली आणि वाटेतलं माझं दार लावून घेतलं! तो येणार कुठून?"

"मग उघडा तुमचं दार," अध्यक्ष गरजले.

"नाही, पाक," पाक गुरू म्हणाले.

अध्यक्षांच्या तोंडावर कुणी 'नाही' म्हटल्याची ही माझ्या माहितीतली पहिलीच नोंद.

"उघडायचं नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नुसतं जाऊ द्यायचं. मधल्या आवारासारखं." आणि घरफोल्डरला आकडा लिहिला: सात, एक, एक. मालकाला सगळं, बाकीच्यांना फक्त पाऊल टाकायची मुभा. बघायचं नाही, बदलायचं नाही, वाकून निघून जायचं. यादीच्या खोलीला मात्र सात, शून्य, शून्य. मग वोंग्सोच्या नावानं चालू केलं.

चालू झालं.

टाळ्या वाजल्या. म्बाहनी वाजवल्या नाहीत. खुर्ची टेबलाजवळ ओढली. "बघू तरी. सास्त्रो लिहा."

मी लिहिलं. नऊ सास्त्रो आले.

"बापाचं नाव कर्तोमो."

दोन उरले.

"बुगडीवाली आई."

"म्बाह, तसं सदरच नाही," मी म्हटलं.

"मग काय उपयोग?" पण बोटानं त्यांनी ओळ वाचली, आणि एकदम डोळे चमकले. "हे चुकलंय! हा तिसऱ्या रांगेत नाही. दरड कोसळली त्या वर्षी मीच त्याला चौथ्या रांगेत नेला. सांगताना राहून गेलं असेल."

एवढा आनंद मी त्या चेहऱ्यावर सकाळपासून पाहिला नव्हता. तिसरी रांग खोडून मी चौथी केली. तांगेरांगची बाई विचारत होती, हे तिचेच आजोबा का, आणि ते तिचेच होते.

"अशा आणखी किती असतील," म्बाह म्हणाले. घड्याळात साडेअकरा झाले होते.

"असतील," मी म्हटलं. "लाम्पुंगहून फोनवर सांगा. रोज एक सांगितलीत तरी माझा जन्म पुरायचा नाही."

म्बाहनी टोपी काढून परत नीट घातली. मग पाक गुरूंना म्हणाले, "हे सकाळी चालू करताना कुणाचं नाव घालावं लागतं?"

"तुमचं, म्बाह. वोंग्सो. दुसऱ्या कुणाच्या नावानं ते उघडतच नाही."

"बदलता येतं?"

"येतं."

"बदलू नका."

पिशवी खरोखरच रिकामी होती. माझ्या अंदाजाची नोंद बरोबर निघाली. मी आणि पाक गुरूंच्या बायकोनं दोन सारोंग लुंग्या, एक सदरा आणि उरलेले आपेम त्यात कोंबले. निघण्याआधी मधलं दार म्बाहनी स्वतः उघडलं. तांगेरांगची आठजणं वाकून पुढं गेली, आणि एकानं मान वर केली तशी त्याला म्हाताऱ्यानं दटावलंच. मग किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. जुडगा जड आहे, एवढंच सांगते.

एकची बस एक वाजून दहा मिनिटांनी सुटली. खिडकीतून म्बाह म्हणाले, "दोन आठवड्यांत परत येतो."

याला आता पाच महिने झाले. नातीला शाळेत सोडायला दुसरं कुणी नाही, असं नवं कारण आहे, आणि ते मी मोजत नाही. रोज सकाळी सात वाजता मी टेबलाशी बसून त्यांचं नाव लिहिते, आणि यादी उघडते. गुरुवारी त्यांचा फोन येतो. आतापर्यंत एकोणीस दुरुस्त्या सांगितल्या आहेत. त्यातल्या सात मी ताडून पाहिल्या तर यादीत आधीच बरोबर होत्या.

ते मी त्यांना सांगितलेलं नाही. "लिहून घेतलं, म्बाह," म्हणते.

"आणि मधलं दार?"

"पहाटेच उघडलं."

"वाकून जातात ना लोक?"

"जातात. तुमचं नाव सांगितलं की जास्तच वाकतात."