प्लास्टरच हवं

मनगट धरून रडणारं पोर दारात दिसलं की मी कोमट पाण्याची बादली भरतो. सव्वीस वर्षं प्लास्टर घालतोय, सवय जात नाही. पण नव्या डॉक्टरीणबाई आल्यापासून माझ्यावर माशा मारायची वेळ आलीय. हाड मोडून सरकलं नसेल, नुसतं दबून फुगलं असेल तर त्या म्हणतात, "काढता-घालता येणारी पट्टी द्या. तीन आठवड्यांनी घरीच काढू देत." आणि पोरं बरी होतातही. त्याचाच मला जास्त जळफळाट.

काल आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. दोन दिवसांपूर्वी झोक्यावरून पडलेली. बाईंनी एक्स-रे बघून पट्टी लिहून दिली आणि दोघींना माझ्याकडे पाठवलं.

"पट्टी नको. प्लास्टरच हवं," मुलगी म्हणाली.

असं गोड वाक्य मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. हात शिवशिवायला लागले.

"काका, लक्ष देऊ नका," आई म्हणाली. "हिला सगळ्याचं नाटक करायचं असतं."

"बघा!" मुलगी उसळली. "दोन दिवस हेच चाललंय. दुखतंय म्हटलं की म्हणे अभ्यास टाळतेय. काल कपडेसुद्धा पिळायला लावले. पट्टी काय, कुणीही बांधतं. प्लास्टर घातलं की आईला खरं वाटेल."

प्लास्टर घालून माझी हौस फिटली असती, पण पोरीला तीन आठवडे फुकटची खाज. मी एक्स-रे उजेडावर लावला.

"ताई, हाडाची ही कड सरळ हवी. इथं फुगलीय, दिसतंय?"

"एवढंसंच?"

"एवढंसंच. पण मोडलंय. अशा हातानं कपडे पिळून बघा एकदा."

आईनं त्या फुगलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग लेकीसमोर उकिडवी बसली. "चुकलं माझं. तू खरं बोलत होतीस."

पोरगी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. "दादासमोर म्हणशील?"

"म्हणेन."

"आजीसमोर?"

"हो गं बाई, म्हणेन."

मी पट्टी उचलली, तशी ती म्हणाली, "तुम्ही नको. आईला शिकवा."

झालं! उरलंसुरलं कामही गेलं. मी मुकाट शिकवलं. आईनं जपून पट्टी आवळली.

"दुखतंय?"

"हो."

आईनं लगेच पट्टी सैल केली.