विसर्गबाबांचा पत्ता

"आलं! बाबांचं नाव आलं!"

पाथर्डीच्या अलीकडे आमचं गाव. गुरुवारी दुपारी तिथल्या मठात शंभरेक माणसं एका मोबाईलवर माना घालून उभी होती. वायफायच्या माहितीत इंटरनेटचा लांबलचक पत्ता दिसत होता. आकडे, इंग्रजी अक्षरं आणि मध्ये मध्ये एकावर एक दोन टिंबं. त्यातच स्वच्छ लिहिलेलं होतं, बी-ए-बी-ए. बाबा!

"जुन्या पत्त्यात निस्ते आकडे हुते," विसर्गबाबा डोळे मिटून म्हणाले. "ही दोन टिंबं म्हंजे विसर्ग. विसर्ग कशात असतो? संस्कृतात! म्हंजे ह्यो मंत्र हाय. इंटरनेटला देवपन यायला लागलंय, बाळांनो!"

लोकांनी हात जोडले. मी कपाळाला हात लावला. मी आप्पासाहेब, बत्तीस वर्षं पोस्टमन होतो. पत्ता म्हणजे काय ते मला तरी कुणी शिकवू नये.

झालं होतं असं. गावात नव्या नेटची लाईन आली आणि निम्म्या वेबसाईट उघडेनात. मोबाईलला तर रेंजच नाही. मठात मात्र बाबांनी फुंकर मारली की बंद वेबसाईट चालू! लाईन बसवणारा करण आता त्यांचा पट्टशिष्य झालेला. शाल पांघरून शेजारीच ध्यानाला बसायचा.

यात अडकली ऊसतोडीला जाणाऱ्या बन्सीची पोर, आरती. तिला नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता आणि मुदत आज पाच वाजता संपत होती. बाबांचा हुकूम होता, "पोरीनं तीन गुरुवार मठ झाडावा, मग उघडंल. भाईर जाऊन भरला तर बाधा फॉर्मात शिरंल." आज दुसराच गुरुवार. पोरीचं वाटोळं होईल या भीतीनं बन्सीच तिचं वाटोळं करत होता. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती.

शेवटी न राहवून मी हायस्कूलला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मेरीबाईंना बोलावून आणलं. त्यांनी चपला काढल्या आणि गर्दीतून सरळ पुढे गेल्या.

"करण, तुझा मोबाईल जरा बाबांपुढच्या नारळाशेजारी ठेव बघू."

करणनं शाल घट्ट केली. "मी ध्यानात हाय."

"ध्यानात अंगठा बरा हलतो रे तुझा!"

लोक फिदीफिदी हसले. मोबाईल ठेवावाच लागला.

"हं, बाबा, आता फुंका. आरतीचा फॉर्म उघडा."

बाबांनी फुंकर मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा धाप लागली. स्क्रीनवरचं चक्र आपलं गरगर फिरतच राहिलं.

मेरीबाईंनी करणचा मोबाईल उचलून सगळ्यांना दाखवला. त्यावर लाईनच्या डब्याची, म्हणजे राऊटरची, सेटिंग उघडीच होती.

"जगातले जुने पत्ते संपत आले, म्हणून हे नवे लांब पत्ते काढले. वीस-पंचवीस वर्षं झाली, बदल अजून चालूच आहे. बऱ्याच वेबसाईट जुन्याच पत्त्यावर बसल्यात. नव्या लाईनीवरून तिकडं जायला मध्ये एक दुभाषी लागतो. करण तो इथून बंद-चालू करतो. फुंकर बाबांची, अंगठा करणचा!"

"म्हणजे नगरचं अहिल्यानगर झालं तसं!" मी ओरडलोच. "दोन्ही नावांनी पत्रं येणारच. पोस्टमननं एक नाव विसरल्याचं सोंग घेतलं तर निम्मं टपाल पडून!"

"पन बाबांचं नाव कसं आलं वो?" बन्सीनं विचारलं.

"या पत्त्यात आकड्यांबरोबर ए ते एफ एवढीच अक्षरं चालतात. आणि आपल्या वायफायच्या पत्त्यात त्यातली कुठली घालायची, ते डबा ज्याच्या हातात तो ठरवतो." बाईंनी सेटिंगमध्ये चार अक्षरं बदलली आणि वायफाय पुन्हा जोडलं. डी-ए-डी-ए. दादा! मठात हशा पिकला. "आता राम लिहिते." डब्यानं लाल अक्षरांत नकार दिला. "आर चालत नाही, एम चालत नाही."

बन्सी ताडकन उठला. "बाबा, तुमच्या मंत्रात तुमी मावता आन राम मावत न्हाई व्हय?"

"कलियुगात..." बाबांनी सुरुवात केली. पण ऐकतो कोण!

मेरीबाईंनी दुभाषी चालू केला. फॉर्म उघडला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. घाईघाईत आरती दोनदा तर स्वतःच्याच नावात चुकली. साडेचारला अर्ज पोचल्याचा नंबर आला आणि पोर हुंदके देऊन रडायला लागली.

मंडळी, कळत नाही ते विचारा. विचारल्यावर जो समजावून सांगतो तो आपला आणि जो भीती घालतो तो लबाड, एवढी खूण पुरे. मी हेच बन्सीला सुनावणार होतो. पण तो खाली मान घालून आधीच बोलला.

"आप्पा, ह्या बाबाच्या पाया पडताना लाज वाटली न्हाई मला. मेरीबाईंना एक गोष्ट इचारायची लई लाज वाटली."