आटत गेलेली वर्तुळे

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे की दागिन्यांची नव्हे, जंतू उबवायची.

नाशिकला पंचवटीकडच्या एका मुलांच्या दवाखान्यात, रक्त तपासायच्या खोलीत मी १९९३ साली आले. बाहेरून पत्रा, आतून तांबे, दाराला काच. तुमच्या अंगात असते तेवढीच ऊब माझ्या पोटात असायची. म्हणून तपासणी करणारी सुवर्णा मला कोंबडी म्हणे. दार उघडताना विचारायची, "काय गं कोंबडे, नीट बसलीस का नुसतीच कुरकुरलीस?" वीज गेली की माझ्यावर घरची गोधडी टाकायची.

आजारी मुलाच्या रक्तातले जंतू बशीत पसरायचे, वर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि बशी माझ्या स्वाधीन करायची. जंतू सायीसारखे धरत. जे औषध त्यांना मारी, त्याच्या टिकलीभोवती मोकळे वर्तुळ उरे. ते पाहून डॉक्टर प्रतिभाताई औषध ठरवत. ती सुरुवातीची वर्तुळे काय सांगू! रुपयाएवढी, कधी त्याहून मोठी. बरी झालेली मुले घरी जाताना माझ्या काचेला नाक लावून आत बघत. ते दिवस अजून डोळ्यांपुढे आहेत.

मग वर्तुळे लहान होऊ लागली. एकाएकी नव्हे, विहिरीचे पाणी उतरत जाते तशी. टिकल्या त्याच, ऊब तीच.

२००६ च्या थंडीत मखमलाबादच्या कलाबाई पाच वर्षांच्या नातवाला, राजला, घेऊन आल्या. त्यांचा फुलांचा मळा होता. राजचा ताप हटत नव्हता. सुवर्णा त्याचे रक्त काढत असताना कलाबाईंनी पदराखालून औषधाची अर्धी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ही कुणी लिहून दिली?" प्रतिभाताईंनी विचारले.

"लिहून कशाला? शेजारच्या पोरीची हे. तिला लय गुण आला. उरली ती आम्हाला दिली. विरजण नाय का मागून आणीत, तसं."

"राजला याआधीही दिलीत?"

"ताप आला का दोन चमचे. उतरला का बंद. लेकराला उगं जास्तीचं कशाला पाजायचं?"

त्यात हयगय नव्हती, माया होती. पण अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात. चिवट उरतात, आणि मग त्यांचीच वीण वाढते.

प्रतिभाताईंनी हाताशी होते ते जालीम औषध सुरू केले. राज डोळे उघडेना. कलाबाई पुन्हापुन्हा आमच्या खोलीच्या दारात येऊन सुवर्णाला विचारत.

"झालं का गं?"

"अजून धरलं नाही, आजी."

"आमचं दही एका रातीत लागतं, आन् तुझी पेटी एवढी विजेवरची!"

मी काय करणार? ऊब वाढवली असती तर जंतूच मेले असते आणि बशी वाया गेली असती. तिकडे राज विझत होता आणि इकडे त्याच्याच जंतूंना मी पोटाशी धरून बसले होते.

अखेर सुवर्णाने बशी उजेडात धरली. जंतू प्रत्येक टिकलीच्या कडेला येऊन भिडले होते. मोकळी जागा कुठेच नव्हती.

"एखादी टिकली राहिली असेल बघ," प्रतिभाताई म्हणाल्या.

"आपल्याकडची सगळी औषधं ठेवलीत, मॅडम."

मुंबईहून आणखी एक औषध मागवले. ते नाशिकला पोचायच्या आत राज गेला.

दुसऱ्या दिवशी कलाबाई आल्या. रडून आवाज बसला होता. त्यांनी टेबलावरची बाटली उचलली. "आमची हे. धाकट्या नातीला लागली तर होईल."

सुवर्णाने हात पुढे केला. कलाबाईंच्या तोंडाकडे पाहिले आणि हात तसाच राहिला. बाटली पदराखाली गेली.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. तुम्हाला येते. दुसऱ्याचे, उरलेले औषध कुणी पुढे केले तर विचारा, हे डॉक्टरांनी मला दिले आहे का? आणि दिलेले असेल तर त्यांनी सांगितले तोवर घ्या. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. मायेने पुढे आलेल्या चमच्याला नको म्हणणे फार अवघड असते. सुवर्णासारख्या जाणत्या मुलीलाही ती बाटली अडवणे जमले नाही.