ओवाळणीचं ताट

मला विकत घेण्यात राजेंद्र साहेबांचा काय काय फायदा होता, ते आधी मांडते. महिला दिनाला बक्षीस हवं होतं, ते मिळालं. देतानाचा फोटो कारखान्याच्या भिंतीवर लागणार होता. शिवाय साहेब बायकांना फार मानतात, असं वरच्यांना परस्पर कळणार होतं. एवढं सगळं एका पुस्तकात! फक्त ते उघडून बघायचं राहून गेलं.

मित्रांनो, ते पुस्तक म्हणजे मी. मी एक जुनी कादंबरी आहे. वयानं नव्हे, हाताळून जुनी. पुण्यात छापली गेले, दुकानाच्या काचेआड ऐटीत उभी राहिले. माझ्या पोटात एका शास्त्रज्ञ बाईची गोष्ट आहे. भातावरच्या रोगाचं कारण ती शोधते आणि सभेत ते वाचून दाखवतात तिचे साहेब. तेव्हा ती पाहुण्यांची पानं वाढत असते.

राजेंद्र साहेब आंबीच्या एका रबर कारखान्यात प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांनी मला हाताखालच्या समीक्षाला बक्षीस दिलं. कार्ल्याला तिच्या घरी मी बरेच दिवस फ्रिजवर पडून होते. माझ्यावर पापडाचा डबा. अपमान कशाला म्हणतात ते तिथं कळलं.

माझी सुटका केली गावच्या बायकांच्या भिशीनं. तिथं ज्योत्स्नाबाईंचा नियम आहे. बाई निवृत्त शिक्षिका, नियम करायची सवय गेलेली नाही. जिची चिठ्ठी निघेल तिनं रकमेबरोबर एक पुस्तकही न्यायचं आणि पुढच्या भिशीला त्यावर बोलायचं. न वाचता आली, तर सगळ्यांचा चहा तिनं करायचा. समीक्षानं मला तिथं देऊन टाकलं आणि मी घरोघर फिरू लागले. एका पानावर हळदीचा अंगठा उमटला, एकाचा कोपरा दुमडला. तरी मी खूश होते.

मग मी शालनमावशींकडे गेले. हायवेला त्यांची भाजक्या कणसांची गाडी. बोलायची पाळी आली तशा त्या कडाडल्या, "पोरगी लय हुशार, पन शेवटी राजीनामा देऊन घरी जाती! कणसं मी भाजायची अन् गाडी दुसऱ्याला सोडून जायची व्हय?"

"मावशी, अपमान सोसायचा का मग?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"सोसायचा कुटं म्हनले मी? हितंच उभं राहून बोलायचं."

कोपऱ्यातून समीक्षा हळूच म्हणाली, "परवा आमच्याकडे परदेशी पाहुणे येताहेत. आमच्या रबराला भेगा का पडायच्या, ते मी शोधलंय. सांगणार राजेंद्र साहेब. मला नऊवारी नेसून पाहुण्यांना ओवाळायचंय. बोलले तर नोकरी अवघड होईल. नाही बोलले तर ते काम कायमचं त्यांच्या नावावर."

मावशी म्हणाल्या, "ताट हातात हाय, तोंडात न्हाई."

सगळ्या हसल्या. समीक्षा मात्र हसली नाही. त्या दिवशी चिठ्ठी दुसरीची निघाली, तरी मला तिनंच नेलं.

दोन दिवसांनी मी कारखान्यात, तिच्या पिशवीत डब्याशेजारी होते. पाहुणे आले. साहेब कागद घेऊन तयार होते. समीक्षानं पहिल्या पाहुण्याला कुंकू लावलं, दुसरा कपाळ पुढे करून उभा राहिला, आणि तिनं ताट साहेबांच्या हाती दिलं.

"साहेब, आता तुम्ही ओवाळा. प्रयोग मी केलेत, मी सांगते."

पाहुण्यांसमोर साहेब काय करणार? दिवा विझू नये म्हणून ते सावकाश चालत राहिले, एकाच्या तर नाकाला कुंकू लागलं, आणि तोवर समीक्षा फळ्यापाशी पोचून बोलायलाही लागली होती. आवाज सुरुवातीला कापला. मग नाही कापला.

आता जमाखर्च. समीक्षाची बढती त्या वर्षी लांबली, ती किंमत तिनं मोजली. पण अहवालावर नाव तिचं आलं, आणि नोकरीही तिनं सोडली नाही. पाहुण्यांना यापुढे कोणी ओवाळायचं, यावर कारखान्यात अजून एकमत नाही.

माझी पाठ उसवली होती, ती ज्योत्स्नाबाईंनी चिकटवली. मित्रांनो, पुस्तक हात पुसून धरा, पानं दुमडू नका, फ्रिजवर तर ठेवूच नका. आणि न वाचता कोणाला भेट देऊ नका, महागात पडतं. या सगळ्यात माझी किंमत कोणी मोजली, विचारता? राजेंद्र साहेबांनी, स्वतःच्या खिशातून.